आवश्यक असल्यास दुपट्टा

राज्य सरकारने ८ डिसेंबर २०२० रोजी आपल्या कर्मचाऱ्यांनी कामावर काय घालावे याचे परिपत्रक काढले, तेव्हा गाजली ती जीन्स आणि टी-शर्टवरची बंदी. माझी नजर मात्र दुसऱ्याच शब्दांवर अडली. बायकांनी साडी, सलवार, चुडीदार-कुर्ता किंवा पँटवर कुर्ता-शर्ट घालावा आणि ‘आवश्यक असल्यास’ दुपट्टा घ्यावा. आता ही आवश्यकता ठरवणार कोण? साहेब? शेजारच्या टेबलावरचे भाऊसाहेब? की दाखल्यासाठी रांगेत ताटकळलेला माणूस? पुरुषांचं शर्ट-पँट म्हटलं की संपलं. ‘आवश्यक असल्यास वरचं बटण लावावं’ असं काही त्यांना लिहिलेलं नव्हतं. पुढे मार्च २०२१ मध्ये जीन्सवरची बंदी उठली. मार्च २०२४ मध्ये शिक्षकांसाठी सूचना आल्या, त्यातही बाईंच्या वाट्याला साडी नाहीतर सलवार-कुर्ता-दुपट्टा आणि सरांना शर्ट आत खोचायची आठवण.

मैत्रिणींनो, ‘कुठेही काहीही घाला’ या मताची मी नाही, हे आधीच सांगते. कामाच्या जागेचा एक मान असतो. बँकेत, शाळेत, दवाखान्यात जाताना आपण पिकनिकला निघालेलो नसतो. पण हा मान बाईने जेवढा राखायचा तेवढाच पुरुषानेही राखायचा. छातीपर्यंत बटणं उघडी टाकून, तोंडात तंबाखूचा बार भरून टेबलामागे बसलेल्या माणसाला कुणी ‘उत्तान’ म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही.

आमच्या पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात तर हा प्रश्न ऑफिसपेक्षा कारखान्यात जास्त अवघड होऊन बसतो. मराठवाडा, विदर्भ, खानदेशातून आलेल्या कितीतरी मुली इथे गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांत कंत्राटावर किंवा ट्रेनी म्हणून लागतात. चौघी-पाचजणींत एक खोली घेऊन राहतात. आमच्या बचत गटातल्या एक ताई चाकणजवळ अशा खोल्या भाड्याने देतात. मागे मीटिंगमध्ये त्या कळवळून म्हणाल्या, “पोरी गुणाच्या आहेत गं, पण पँट-शर्टवरच बाहेर पडतात. अंगावर ओढणी म्हणून नाही. चौकातली टोळकी बघत असतात. उद्या काही झालं तर त्यांच्या आईबापाला मी काय तोंड दाखवू?” त्यांच्या काळजीला मी नावं ठेवणार नाही. परक्याच्या लेकीची जबाबदारी घेतली की झोप लागत नाही, हे खरंच आहे. पण त्यांच्याच एका भाडेकरू मुलीने दिलेलं उत्तरही ऐका. ती म्हणाली, “काकू, ओढणी फिरत्या पट्ट्यात गेली ना, तर आधी मान जाईल. अब्रूचं नंतर बघू.”

तिचं म्हणणं काही उद्धटपणाचं नाही. १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम २२ होतं. चालत्या यंत्राची तपासणी करणाऱ्या, त्याला तेलपाणी घालणाऱ्या कामगाराने अंगाला घट्ट बसणारे कपडेच घालायचे आणि ते मालकाने पुरवायचे, असं त्यात लिहिलेलं. अर्थात हे काम कायद्याने पुरुषालाच दिलं होतं. पण कारण साधं होतं. सैल पदर, लोंबती बाही, मोकळी वेणी यंत्राला कळत नाही. म्हणजे बघा, ज्या ‘घट्ट’ कपड्यांवरून आपण मुलींना बोलतो, तेच यंत्राजवळ सुरक्षित. आणि सभ्य म्हणून जी ओढणी सुचवतो, ती तिथे गळफास!

या मुलीची पुढची गोष्ट मला जास्त लागली. कंपनीने दिलेला गणवेश पुरुषी मापाचा. खांद्यात ढगळ, कमरेखाली आवळ, आणि छातीवर दोन बटणांमध्ये फट. ती फट झाकायला ती आतून सेफ्टी पिना लावते. कपडे बदलायला बायकांची वेगळी खोली नाही, म्हणून खोलीवरूनच गणवेश घालून निघावं लागतं. शेअर रिक्षात बसताना वरून ओढणी गुंडाळायची, गेटवर काढून डब्याच्या पिशवीत कोंबायची, सुटल्यावर पुन्हा गुंडाळायची. एकदा सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणाला, ‘पिना लावून काय लपवतेस?’ आजूबाजूचे हसले. ती आठवडाभर मान वर करून बोलली नाही.

आता सांगा, यात अंगप्रदर्शन कुणी केलं? मुलीने, की एकाच मापाचे शर्ट घाऊक मागवणाऱ्याने? वेगळी मापं आणि एक कडी असलेली खोली, एवढाच काय तो खर्च. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितेत तर पुरुष, स्त्री आणि तृतीयपंथी कामगारांसाठी स्वतंत्र लॉकररूमची तरतूद आहे. पण ‘मुलींनी नीट कपडे घालावेत’ असा फलक लावायला कमी पैसे लागतात.

आणि ‘नीट’ म्हणजे तरी काय हो? पलीकडे मावळात भातलावणीला उभ्या असलेल्या बायका आठवा. गुडघ्यापर्यंत लुगडं खोचलेलं, पोटऱ्या चिखलात, पाऊस अंगावर. त्यांना कुणी उघडंवाघडं म्हणत नाही, म्हणूही नये. ते कामाचं रूप आहे. त्याच आजीच्या नातीने कामासाठीच पँट घातली की मात्र गावाची मान खाली जाते! हे गणित मला काही सुटलेलं नाही.

राहिला ‘उद्या काही झालं तर’चा प्रश्न. गहुंज्याजवळ नोव्हेंबर २००७ मध्ये बीपीओत रात्रपाळीला निघालेल्या २२ वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला, तिचा खून झाला. तिला कामावर न्यायला आलेल्या कंपनीच्याच भाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर आणि त्याचा साथीदार त्यात दोषी ठरले. तिथे प्रश्न होता तो गाडीचा, ड्रायव्हरचा, त्याच्यावर लक्ष कोण ठेवतं याचा. २०२२ मध्ये केरळमधल्या एका सत्र न्यायालयाने तक्रारदार बाईच्या कपड्यांवर बोट ठेवलं होतं. उच्च न्यायालयाने ते शेरे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये काढून टाकले. न्यायाधीशांच्या खुर्चीपर्यंत जी समजूत पोचते, ती आमच्या ताईंच्या मनात असली तर नवल ते काय!

कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा कायदा २०१३ साली झाला. बाईने काय घातलं होतं याला त्यात कुठे जागा नाही. तिला नको असलेलं वागणं, बोलणं, खुणा म्हणजे छळ. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी. त्याहून कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. कंत्राटी, ट्रेनी, शिकाऊ मुलीही यात येतात. कंपनीने दिलेली बससुद्धा कामाचीच जागा धरली जाते. तक्रार लेखी आणि तीन महिन्यांच्या आत करायची. ‘पिना लावून काय लपवतेस’ हे वाक्य त्यात अगदी चपखल बसतं. त्या मुलीला हे काहीच ठाऊक नव्हतं. समितीतल्या बायकांची नावं लावलेला कागद तिने कंपनीत कधी पाहिलाच नव्हता.

आम्ही गटातल्या तिघीजणींनी तिच्याबरोबर बसून अर्ज लिहिला. तक्रारीचा वेगळा आणि गणवेशाची मापं व बदलण्याची खोली यांचा वेगळा. दुसऱ्यावर तिच्यासह अकरा मुलींच्या सह्या आहेत. पहिल्यावर सही करताना ती बराच वेळ पेन हातात धरून बसली होती. कंत्राट वाढवायची तारीख पुढच्याच महिन्यात आहे ना! खोलीवाल्या ताईंनीच शेवटी विचारलं, “नोकरी गेलीच, तर दोन महिने भाडं मागणार नाही मी. मग करशील सही?”

तिने केली. अर्ज पोचल्याचा शिक्का मारलेली प्रत ताईंच्या कपाटात आहे.