आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी

ही म्हण आजच्या शहरी स्वयंपाकघराला जितकी लागू पडते, तितकी क्वचितच दुसऱ्या कशाला लागू पडत असेल. मायक्रोवेव्ह ओव्हन सुरू झाला की वडीलधारी मंडळी मुलांना "लांब व्हा, किरण लागतील" म्हणून दटावतात. शेजारच्या शेगडीवर त्याच वेळी मिरचीची फोडणी चढलेली असते, खिडकी बंद असते आणि ओट्यापाशी उभी असलेली बाई खोकत असते. तिला "लांब हो" असे कोणी म्हणत नाही. आपली भीती एकीकडे आणि धोका दुसरीकडे, अशी ही स्थिती आहे.

प्रथम ह्या किरणांचा विचार करू. अमेरिकेतील रेथिऑन कंपनीचे पर्सी स्पेन्सर ह्यांनी 1945 च्या सुमारास रडारसाठी बनविलेल्या मॅग्नेट्रॉन नळीचा उपयोग अन्न तापविण्याकडे केला. ह्या लहरींची लांबी सुमारे 12 सेंटिमीटर असते. दाराच्या काचेतील जाळीची भोके तिच्या मानाने इतकी बारीक असतात की लहरी आतच अडून राहतात. दार उघडताच नळी बंद पडते आणि दिवा मालवल्यावर उजेड उरत नाही, तशा लहरीही उरत नाहीत. अन्न किरणोत्सर्गी होते हा समज निराधार आहे. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे यंत्रापासून 5 सेंटिमीटर अंतरावर गळती दर चौरस सेंटिमीटरला 5 मिलिवॉटपेक्षा अधिक असता कामा नये. दार वाकले, बिजागरी सैल झाली किंवा जाळी फाटली, तरच काळजीचे कारण.

ह्या यंत्राचे खरे धोके निराळे आहेत. गुळगुळीत पेल्यात तापविलेले पाणी कधी कधी न उकळताच उत्कलनबिंदूच्या वर जाते आणि चमचा किंवा कॉफी पडताच उसळून हातातोंडावर येते. सालासकट अंडे आणि घट्ट झाकणाचा डबा फुटतात. स्टीलचा डबा किंवा सोनेरी काठाची बशी ठेवली तर ठिणग्या उडतात. आत काही पेटलेच तर दार उघडू नये. विजेचे बटण बंद करावे, म्हणजे हवेअभावी आग आपोआप विझते. आणि घरच्या घरी यंत्र उघडून दुरुस्ती करण्याचा मोह विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी तर अवश्य टाळावा. त्यातील कपॅसिटर हजारो व्होल्टचा असतो व प्लग काढल्यानंतरही त्यात विद्युत्भार राहू शकतो.

आता धुराकडे वळू. कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी गुजरातमधील खेड्यांत चुलीपुढे बसणाऱ्या स्त्रियांच्या श्वासातील हवा मोजली. 1983 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार स्वयंपाकाच्या वेळी दर घनमीटर हवेत सरासरी सुमारे 7 मिलिग्रॅम कण होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2020 साली घरातील धुरामुळे जगात सुमारे 32 लाख माणसे दगावली. गॅस आला म्हणजे प्रश्न मिटला असेही नाही. तळणाच्या वाफेत सूक्ष्म कण असतात, ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइड निघतो, आणि हवा अपुरी पडली तर कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही.

ह्या संदर्भात सुरतेचे उदाहरण बोलके आहे. शिवाजी महाराजांच्या 1664 च्या स्वारीमुळे हे नाव आपल्या परिचयाचे. पण आज खानदेशातून पोटासाठी गेलेल्या असंख्य मराठी कुटुंबांचा संसार तेथे उधना, लिंबायत, पांडेसरा भागांत चालतो. गावाकडे त्यांच्या घरी सिलिंडर असतो, तर सुरतेत अनेक घरांत नैसर्गिक वायू नळाने येतो. सिलिंडरचा वायू हवेपेक्षा जड, तो गळाला तर जमिनीलगत साचतो. म्हणून झरोका खाली हवा. नळाचा वायू हवेपेक्षा हलका, तो छताकडे जातो. म्हणून झरोका वर हवा. गाव बदलले, वायू बदलला, की सावधगिरीचा नियमही उलटा होतो. हे नव्या बिऱ्हाडाला समजावून सांगणारे कोणी तरी हवे. एक नियम मात्र दोन्हीकडे सारखाच आहे. वास येताच खिडक्या-दारे उघडावी, वायूचा कॉक बंद करावा आणि विजेचे एकही बटण लावू नये की बंद करू नये. अशा वेळी वास घालविण्यासाठी एक्झॉस्ट फॅन लावणे म्हणजे ठिणगीला आमंत्रणच.

शेगडीवरच्या चिमणीबद्दलही असेच गैरसमज आहेत. ती शेगडीपासून साधारण 65 ते 75 सेंटिमीटर उंचीवर असावी आणि तिची नळी घराबाहेर निघावी. नळी नसलेली चिमणी तेल व वास थोडाफार अडविते, पण कार्बन मोनॉक्साइड खोलीतच राहतो. दारे-खिडक्या गच्च लावून पंखा चालविला तर आत हवा येणार कोठून? शिवाय जवळच गॅसचा गीझर असेल तर त्याचा विषारी धूर उलटा घरात ओढला जाण्याचा संभव असतो. जाळीवर साचलेले तेल हे तर जळणच आहे. कढईने पेट घेतल्यास पाणी ओतू नये. चिमणी बंद करावी, गॅस बंद करावा आणि वर झाकण ठेवावे.

ह्या साऱ्याला पैसा फारसा लागत नाही. ज्यांना चिमणी परवडत नाही त्यांनी उघड्या खिडकीसमोरच्या भिंतीत एक साधा पंखा बसविला तरी पुष्कळ फरक पडतो. कमतरता आहे ती आस्थेची. यंत्र विकत घेताना घरातील पुरुष चार दुकाने फिरतात. जाळी धुण्याची वेळ आली की ते "बायकांचे काम" ठरते. 1994 च्या प्लेगनंतर सुरतेने आपले रस्ते आणि गटारे स्वच्छ केली, आणि 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात ती इंदूरबरोबर पहिली आली. रस्ता महापालिका झाडू शकते. ओट्यावरची हवा मात्र घरच्यांनाच स्वच्छ ठेवावी लागते.

विद्यार्थी मित्रांनो, वायूंची घनता, लहरींची लांबी आणि ज्वलनाची समीकरणे आपण परीक्षेपुरती पाठ करतो. त्या ज्ञानाची खरी परीक्षा स्वयंपाकघरात आहे. येत्या रविवारी चिमणीची जाळी आपल्या हाताने काढून गरम पाण्याने धुवावी, झरोका कोठे आहे ते पाहावे आणि खिडकीपुढचा जुना माळा रिकामा करावा. आईला त्या दिवशी फोडणी घालताना खोकला आला नाही, तर आपले शिक्षण थोडे तरी कामी आले असे समजण्यास हरकत नाही.