ताटात वाढलेली विषमता

रविवारी वस्तीत मटण शिजते. वास गल्लीभर पसरतो. मग ताटे वाढली जातात. आधी घरातली पुरुष मंडळी, मग मुलगे, मग मुली आणि सगळ्यांत शेवटी आई. कलेजीचा तुकडा कोणाच्या ताटात पडतो आणि तळाचा रस्सा कोणाच्या वाट्याला येतो, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. त्याला कोणी बसवून शिकवलेले नसते. तो रोज पाहतो आणि पाहून शिकतो. त्याची बहीणही शिकते. सहा-सात वर्षांची पोर स्वतःहून म्हणते, "मला नको, दादाला द्या." आपण कौतुकाने म्हणतो, पोर फार समजूतदार आहे!

या समजूतदारपणाविषयी आज आम्हाला बोलायचे आहे. कारण हा समजूतदारपणा शेवटी रक्तात उतरतो.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आहे. त्याच वयाच्या मुलग्यांत हे प्रमाण ३१ टक्के आहे. कोणी म्हणेल, मुलींना पाळी येते, रक्त जाते, हा निसर्ग आहे. बरोबर. म्हणूनच तर बाईला लोह जास्त लागते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत प्रौढ पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह सांगितले आहे आणि स्त्रीला २९ मिलिग्रॅम. पाळी निसर्गाने दिली, पण ताटात कमी वाढायला निसर्गाने सांगितलेले नाही. जिला जास्त लागते तिलाच कमी वाढायचे, हे आपणच शिकलो आणि आपणच शिकवतो.

जे ताटाचे तेच कामाचे. नळाला पाणी आले की हाक मुलीला. भाऊ अंथरुणात. दहावीचे वर्ष दोघांचेही, पण भांडी तिची आणि 'अभ्यास करू द्या त्याला' हे वाक्य त्याचे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटे वेळ जात होता. घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषांचा ९७ मिनिटे. दिवसाचे पाच तास धुणे, भांडी, पाणी, चूल यांत गेले की कंबरदुखीसाठी दवाखान्यात जायला बाईला वेळ कुठून मिळणार? दुखणे अंगावर काढणे हा तिचा स्वभाव आहे असे आपण म्हणतो. तो स्वभाव नव्हे, ती सवय आहे. लहानपणी लावलेली.

मुलग्यांचे तरी भले होते का? पडला, गुडघा फुटला, रडू आले की आपण म्हणतो, "पोरींसारखा रडतोस काय?" एवढ्या एका वाक्यात दोन धडे असतात. मुलगी म्हणजे कमी प्रतीची, आणि दुःख सांगणे म्हणजे लाज. हाच मुलगा पुढे नोकरी गेली, कर्ज झाले, तरी घरात बोलत नाही. कोणी गुटख्याची पुडी फोडतो, कोणी दारूच्या दुकानाची वाट धरतो, कोणी घरी येऊन हात उगारतो. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या नोंदीनुसार देशात आत्महत्या केलेल्या दर दहा जणांत सुमारे सात पुरुष होते. त्यामागे कारणे अनेक असतात. पण रडायचे नाही, मदत मागायची नाही, ही शिकवणही त्यांतली एक आहे असे आमचे ठाम मत आहे.

काही लेकरे या दोन्ही साच्यांत बसत नाहीत. एखाद्या मुलग्याची चाल नाजूक असते, एखादी मुलगी केस कापून क्रिकेट खेळते. एखाद्याला मनातून खात्री असते की, जन्मावेळी लोकांनी मला जे म्हटले ते मी नाही. अशा लेकरांना 'बायल्या' म्हणून चिडवणे, मारून 'सुधारणे' वस्तीत सर्रास चालते. हा आजार नाही, त्याला औषध नाही आणि औषधाची गरजही नाही. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींचा आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. नावावरून आणि जन्मावरून हिणवले जाणे म्हणजे काय, हे आपल्याइतके कोणाला कळणार? मग आपल्याच वस्तीतल्या लेकराला आपण का हिणवतो?

नसबंदीचेही तसेच. त्याच कुटुंब आरोग्य पाहणीत ३७.९ टक्के विवाहित स्त्रियांची शस्त्रक्रिया झालेली होती. पुरुष नसबंदी केवळ ०.३ टक्के. पुरुषाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया साधारण पंधरा-वीस मिनिटांत होते, पोट उघडावे लागत नाही, ताकद जात नाही, संबंधातही फरक पडत नाही. फक्त पहिले तीन महिने, तपासणी होईपर्यंत, दुसरे साधन वापरावे लागते. तरी रक्त कमी असलेल्या बाईलाच आपण पुढे करतो. का? तर 'मर्दानगी जाते'. ही मर्दानगी शरीरात कुठेच नसते. ती आपल्या डोक्यात भरवलेली असते.

थेरीगाथेत सोमा भिक्खुणीची गोष्ट आहे. मार तिला म्हणतो, ऋषींना जे साधते ते दोन बोटांच्या अकलेच्या बाईला कसे साधणार? भात शिजला की नाही हे दोन बोटांनी दाबून पाहते, तेवढीच तिची अक्कल, असा टोमणा. सोमा त्याला सुनावते की, चित्त एकाग्र झाले, ज्ञान झाले, तिथे बाईपण आड येतच नाही. मार म्हणजे दुसरे कोणी नव्हे, मनात घर करून बसलेला खोटा विचार. अडीच हजार वर्षांपूर्वी तो विहारात शिरत होता, आज आपल्या स्वयंपाकघरात शिरतो.

जन्मावरून काम ठरते, ही गोष्ट बाबासाहेबांनी आपल्याला नाकारायला शिकवली. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजायला सांगितली. आपण २५ डिसेंबरला स्त्रीमुक्ती दिन साजरा करतो. मंचावर पुरुष बोलतात, मागे बाया खीर ढवळतात, आणि कार्यक्रम संपला की पातेली घासायलाही त्याच. हे आम्ही दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. आमच्याही घरी परवापर्यंत भाऊ जेवून ताट तिथेच ठेवून उठत होता आणि आम्हाला त्यात काही वावगे वाटत नव्हते.

मग करायचे काय? मोठे काही नाही. या रविवारी सगळ्यांची ताटे एकत्र वाढा आणि वाढपी मुलाला करा. कलेजी, सुकट, अळीव, बाजरी, पालेभाजी, वर लिंबू, हे मुलीच्या आणि आईच्या ताटात आधी पडू द्या. जेवणाबरोबर चहा नको, लोह अंगी लागत नाही. शाळेत आणि अंगणवाडीत आठवड्याला मिळणारी निळी लोहगोळी मुलगी जेवणानंतर घेते का, विचारा. शाळेतल्या मुलग्यांनाही ती मिळते, त्यांनाही द्या. दम लागतो, चक्कर येते, माती किंवा खडू खावासा वाटतो, तर सरकारी दवाखान्यात हिमोग्लोबिन तपासा. मुलगा गप्प गप्प राहत असेल तर त्याच्याजवळ बसा, त्याला रडू द्या. गरज वाटली तर १४४१६ या मोफत सरकारी क्रमांकावर फोन करा, मराठीतही बोलता येते. आणि पुढच्या पौर्णिमेला विहारात खिरीची पातेली पुरुषांनी घासावीत.

लेकरे आपले भाषण ऐकून शिकत नाहीत, आपले ताट पाहून शिकतात. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आहे. त्याच्याखाली बसून आपण कोणाला किती वाढतो, हे ती रोज पाहत आहेत.

जयभीम!