आवाज बंद झाला म्हणजे बिघाड गेला?

परवाच्या शनिवारी गाडीच्या ब्रेकवरून माझं जे डोकं फिरलंय ते अजून जाग्यावर आलेलं नाही. म्हटलं, लिहून टाकू.

झालं असं, की तीन आठवडे आमची गाडी ब्रेक लावला की "चींऽऽ" करून किंचाळत होती. सिग्नलला तर शेजारचा रिक्षावाला वळून बघायचा. बायको म्हणाली, "अरे, दाखवून घे ना एकदा." मी म्हटलं, पावसाळ्यात होतं असं. आणि गाण्यांचा आवाज वाढवला. (हे लक्षात ठेवा, पुढे मलाच शिव्या घालायच्या आहेत.)

शेवटी सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथल्या टायवाल्या पोराने चाकाच्या फटीतून डोकावल्यासारखं केलं आणि म्हणाला, "सर, पॅड आणि डिस्क दोन्ही चेंज करावं लागेल. अकरा हजार."

"पॅड किती मिलिमीटर उरलेत?"

"सर, आवाज येतोय ना, म्हणजे गेलेच."

"चाक काढून बघितलंत का?"

"सर, रोजच्या गाड्या आहेत. अनुभव आहे."

मी गाडी घेऊन परत आलो.

आता मंडळी, ब्रेक किंचाळतो म्हणजे काय होतं? फळ्यावर खडू विशिष्ट कोनात धरला की किंचाळतो, तसंच. पॅड डिस्कवर एकसारखा घासायच्या ऐवजी धरतो-सुटतो, धरतो-सुटतो, सेकंदाला हजारो वेळा, आणि डिस्क घंटेसारखी वाजते. हे व्हायला कारणं अनेक. रात्रभर पाऊस पडला की बिडाच्या डिस्कवर पातळ गंज चढतो. सकाळचे चार-पाच ब्रेक वाजतात, मग गप्प. ही चिंतेची बाब नाही. पॅड तापून गुळगुळीत झाला असेल तर वाजतो. पॅडच्या मागची पातळ पत्री किंवा क्लिप सैल झाली तर वाजतो. आणि बऱ्याच गाड्यांत पॅडला एक लोखंडी जीभ मुद्दाम लावलेली असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती डिस्कला टेकते आणि ओरडते. तो बिघाड नव्हेच, ती सूचना आहे!

एकाच आवाजाची इतकी कारणं. मग चाक न काढता उत्तर कसं काय माहीत? ऑफिसात एखाद्या पोराने लॉग न उघडता "सर्व्हर बदलू या" म्हटलं तर आपण त्याला सोडतो का?

रविवारी सपाट जागा बघून, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकांना विटा लावून, पुढची चाकं एकेक करून काढली. (नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हात-डोकं घालू नका. स्टँड लावा.) उजवीकडे आतला-बाहेरचा दोन्ही पॅड सात मिलिमीटर. डावीकडे बाहेरचा आठ आणि आतला चार! म्हणजे ओरडणारी ती जीभ नव्हती, दुसरंच काहीतरी होतं. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी कॅलिपर हाताने हलवून बघितला आणि म्हणाले, "साहेब, हलतच नाही. पिन जाम झालीय."

आमच्या गाडीचा कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. पिस्टन आतला पॅड दाबतो, मग त्याच जोराने कॅलिपर सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. खालच्या पिनेचं रबर फाटलं होतं, पाणी आत गेलं, पीन गंजली. मग सगळा भार आतल्या पॅडवर, तोही तिरका. वाजणार नाही तर काय?

पीन साफ केली, रबर बदललं, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावलं. (साधं ग्रीस नको, त्याने रबर फुगतं. आणि पॅडवर तेल कधीही नाही, कुणी कितीही सांगो. आवाज जाईल आणि ब्रेकही जाईल.) डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, मोजली, भरपूर शिल्लक होती. पॅड मात्र दोन्हीकडचे बदलले, कारण एकीकडचे विषम झिजले होते. खर्च तीन हजारांच्या आत.

आता कुणी म्हणेल, "अरे, ब्रेक आहे, जिवाशी खेळ कशाला? आठ हजार जास्त गेले तर गेले." मलाही हा मुद्दा पटला असता. पण त्या अकरा हजारांत पिनेचं नाव होतं का? नव्हतं. नवे पॅड, नवी डिस्क आणि तीच जाम पीन! आवाज महिनाभर गेला असता, मी खुशीत घाट उतरलो असतो आणि डावीकडचा ब्रेक अर्ध्या ताकदीने चालत राहिला असता. म्हणजे पैसे सुरक्षिततेचे नव्हतेच, शांततेचे होते.

आणि आता माझ्याबद्दल. चार वर्षांपूर्वी असाच आवाज मी दोन महिने ऐकून न ऐकल्यासारखा केला होता. वरंधा घाट उतरताना "चीं"चा "खर्रर्र" झाला. पॅड संपून लोखंडावर लोखंड घासत होतं. मागे दोन्ही पोरं झोपलेली. पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, घामाघूम होत खाली आलो. म्हणून सांगतो, न बघता पार्ट बदलणारा तो आणि न बघता गाणी वाढवणारा मी, दोघांची जात एकच. दोघांनाही फक्त आवाज बंद करायचा असतो.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी "बदलावं लागेल" म्हटलं की एकच विचारा, "किती मिलिमीटर?" आकडा सांगितला आणि उघडून दाखवला, तर खुशाल बदला. नाही सांगितला, तर किल्ली परत घ्या.

असो. गाडी आता गप्प आहे. तरी या दिवाळीला चाकं पुन्हा काढून बघणार आहे.