विरोधी बाकांवरचं ब्रॉडबँड

विरोधकांना कसलं आलंय दूरसंचार धोरण, सरकार जे करील त्याला नाही म्हणणं एवढंच त्यांचं काम, असा एक लाडका आक्षेप आहे. तो इतिहासापुढे टिकत नाही. 2009 मध्ये भाजप विरोधात होता, तेव्हा त्याने निवडणुकीआधी माहिती-तंत्रज्ञानाचा स्वतंत्र आराखडाच काढला. गावोगाव 2 एमबीपीएसचं ब्रॉडबँड, तेही महिना 200 रुपयांच्या आत, असं त्यात वचन होतं. भाजप हरला. पण ऑक्टोबर 2011 मध्ये मनमोहन सिंग सरकारने अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर केली आणि सत्तांतरानंतर तीच ‘भारतनेट’ नावाने पुढे चालली. योजनेची मूळ 2013 ची मुदत मात्र केव्हाच उलटली.

बाकं बदलली की तत्त्वंही बदलतात, हेही खरं. टू-जी प्रकरणात लिलावाविना परवाने वाटल्याच्या चौकशीसाठी भाजपने संसद दणाणून सोडली. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये 122 परवाने रद्द केले. त्याच पक्षाच्या सरकारने 2023 च्या दूरसंचार कायद्यात उपग्रह सेवांसाठी बिनलिलावाची वाट ठेवली. विधेयक डिसेंबरात संमत झालं तेव्हा विरोधी पक्षांचे 140 हून अधिक खासदार निलंबित होते. मग ‘विरोधकांनी सूचना काय दिल्या?’ हा प्रश्न विचारायचा कुणाला?

तरीही विरोधकांना सरसकट शाबासकी देता येत नाही. काँग्रेसच्या 2024 च्या जाहीरनाम्यात या कायद्यातल्या जाचक तरतुदी काढण्याचं आणि मनमानी इंटरनेटबंदी थांबवण्याचं वचन आहे. ते योग्यच. पण जिथे इंटरनेट मुळात पोचतच नाही, तिथे ते बंद न करण्याच्या हमीचं काय करायचं? डावे बीएसएनएल वाचवा म्हणतात आणि केरळात त्यांनी के-फॉन हे सरकारी फायबर जाळं उभारलंही. मात्र 20 लाख गरीब कुटुंबांना मोफत इंटरनेट देण्याच्या घोषणेची सुरुवात 14,000 घरांपासून झाली.

घोषणा प्रत्यक्षात कुठे अडतात हे पाहायला मध्य प्रदेशातल्या जबलपूर जिल्ह्यातला शहपुरा घ्या. हे विकासखंडाचं ठिकाण. भारतनेटच्या मूळ रचनेत फायबर अशाच ठिकाणच्या दूरध्वनी केंद्रातून पंचायतीकडे जातं. पंचायतीत भिंतीवर जोडणीचा एक डबा, जोडीला बॅटरी. रस्त्याच्या कामात जेसीबीने तार तोडली की केसाएवढा काचेचा धागा यंत्रावर धरून जोडावा लागतो. त्यासाठी माणूस, गाडी आणि वेळेवर बिल लागतं. माणसं घडवणारी संस्था तर त्याच जिल्ह्यात आहे: जबलपूरच्या रिज रोडवरचं, 1942 पासूनची परंपरा सांगणारं बीएसएनएलचं प्रशिक्षण केंद्र.

म्हणून विरोधी पक्षाचं धोरण दराच्या आकड्यावर नव्हे, दुरुस्तीच्या कलमावर जोखावं. तार तुटल्यापासून किती तासांत जोडणार, न जोडल्यास कंत्राटदाराचं किती बिल कापणार आणि चालू-बंद पंचायतींची यादी दरमहा चावडीवर लावणार का, हे त्यात लिहिलेलं हवं. त्यासाठी सत्ता येण्याची वाट पाहण्याचंही कारण नाही. मध्य प्रदेशात काँग्रेस विरोधात आहे. शहपुरा विकासखंडातले किती डबे आज चालू आहेत, एवढं तिच्या आमदारांना विधानसभेत आत्ताही विचारता येईल.