सहलीला अनुभव म्हणू नका

वर्षभर एक गोष्ट सलते आहे. शाळेची बस कुंभारवाड्यात थांबते. एकेका मुलाला फिरत्या चाकापाशी दोन मिनिटं मिळतात, तेवढ्यात फोटो निघतो, आणि वर्गात परतल्यावर ‘आज मी काय शिकलो’ हा कागद भरून घेतला जातो. याचं नाव अनुभवाधारित शिक्षण!

याच नावाखाली शिक्षणतज्ज्ञ डेव्हिड कोल्ब यांनी १९८४ मध्ये अनुभवाचं चक्र मांडलं: अनुभव घ्या, त्यावर विचार करा, सूत्र काढा, पुन्हा करून पाहा. चक्र खोटं नाही, पण त्यात शिकणारा एकटाच असतो. १९९१ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह आणि त्यांचे सहलेखक एटिएन वेंगर यांनी आपल्या पुस्तकात विचारलं, जे काम शिकायचं त्यात, ते करणाऱ्या माणसांत शिकणाऱ्याला जागा आहे का? लेव्ह यांनी लायबेरियातले शिंपी जवळून पाहिले होते. तिथला शिकाऊ पोरगा आधी बटणं लावतो, काठ दुमडतो, इस्त्री करतो. मग शिवण. कापड बेतणं सगळ्यांत शेवटी. तोवर पुरा कपडा कसा असतो हे त्याच्या हातांना कळलेलं असतं, आणि सुरुवातीला चुकला तरी कापड वाया जात नाही.

नुसतं दुकानात असणंही पुरत नाही. त्याच पुस्तकात अमेरिकेतले शिकाऊ खाटीक आहेत. त्यांना मांसाची पाकिटं बांधायला अशा जागी बसवलेलं, की मुरलेल्या कारागिराचा सुरा त्यांना दिसतच नाही.

आपल्याकडे ही जागा जातीने वाटली. सुताराच्या पोराला रंधा आयता मिळाला, इतरांना हातही लावता आला नाही; आणि ज्यांच्या माथी हीन ठरवलेली कामं मारली, त्यांना बाहेर पडायला शाळेचंच दार होतं. म्हणून शाळा मोडा असं आम्ही कधीच म्हणणार नाही. शाळा न मोडताही कामाला जागा देता येते: शास्त्रज्ञ डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम काढला. तिथे मुलं गावाला लागणारी कामं करत शिकतात.

२०२० च्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांना सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकायला दप्तराविना दहा दिवस देऊ केले आहेत. ते दहा ठिकाणी उधळू नका. एकाच कारागिराकडे पाठवा, तिथलं खरं काम करू द्या आणि त्या कारागिराला शिक्षकाचं मानधन द्या.

आमचा हा दिवाळी अंक ‘हात’ या विषयावर आहे, तो याच आग्रहापोटी.