सीव्हीचे पैसे: सरसकट लूट नव्हे



'पैसे देऊन सीव्ही लिहून घेणे म्हणजे शुद्ध लूट' हे गेल्या अंकातील पत्र वाचले. चाकणच्या एका कारखान्यात मी वर्षानुवर्षे भरतीचे काम पाहिले. पत्रलेखकाचा राग समजतो, निष्कर्ष पटत नाही.

नुकताच डिप्लोमा झालेल्या मुलाने सीव्ही लिहून घेण्यावर पैसे घालवू नयेत, हे मान्य. त्याचे सांगणे एका पानात मावते आणि ते त्याचे त्याला लिहिता येते. केंद्र सरकारच्या नॅशनल करिअर सर्व्हिस या नोकरीच्या पोर्टलवर नोंदणीही फुकट होते. पण वीस वर्षे टूलरूममध्ये काढलेला माणूस 'डाय मेंटेनन्सचे काम पाहिले' एवढी एकच ओळ लिहितो. डाय बदलायचा वेळ निम्म्यावर आणला तो यानेच, पण विचारल्याशिवाय सांगायचा नाही. स्वतःची टिमकी वाजवणे आपल्याकडे वाईट समजतात ना! समोर बसवून खोदून खोदून विचारणारा लेखक भेटला, तर त्याची फी वसूल.

बाजारात मात्र बहुतेकदा सीव्हीचे तयार साचेच विकले जातात. 'डायनॅमिक, रिझल्ट-ओरिएंटेड' दिसले की आम्ही पुढचा कागद उचलायचो. दोन रकान्यांची रंगीत मांडणी तर कंपनीच्या सॉफ्टवेअरला अनेकदा धड वाचताच येत नाही. नोकरीची हमी देणाऱ्याला तर एक रुपयाही देऊ नये. बाकीच्यांना आधी विचारावे, माझ्याशी किती वेळ बोलणार? 'जुना सीव्ही मेल करा, बाकी आम्ही बघतो' असे उत्तर आले, तर फोन ठेवून द्यावा.

– एक निवृत्त भरती अधिकारी, पिंपरी-चिंचवड