हरल्यावर जागे होणारे आम्ही

फुटबॉलवर लिहायचं नाही असं मी ठरवलं होतं. एक तर मी सरकारी कचेरीतला कारकून, मराठी घेऊन बी.ए. झालेला. ऑफसाइडचा नियम अजूनही मुलाकडून समजून घेतो. दुसरं म्हणजे गोव्यात राहून फुटबॉलवर मराठीतून काही लिहिलं की दोन्हीकडचे रागावतात. पण 14 ऑक्टोबर 2025ची रात्र डोक्यातून जात नाही, आणि त्यानंतर दिवाळीत निपाणीला जे ऐकलं ते तर मुळीच जात नाही. म्हणून हा प्रपंच. राग आला तर हक्काने शिव्या द्या, पण शेवटपर्यंत वाचून द्या.

निपाणी माझं आजोळ. थोरले मामा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. त्यांचा मुलगा माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. बी.ए.ची तीन वर्षं मी बेळगावात काढली, तेव्हाचे दोन मित्र अजून टिळकवाडीत आहेत. हे तिघे आणि दादाचा सतरा वर्षांचा मुलगा असे चौघे त्या मंगळवारी चोर्ला घाट उतरून डिचोलीला माझ्याकडे आले. बरोबर बेळगावचा कुंदा होता, जिंकल्यावर खायचा म्हणून! मी अर्ध्या दिवसाची किरकोळ रजा टाकली आणि आम्ही पाच जण फातोर्ड्याला गेलो. आशिया चषकाच्या पात्रता फेरीतला सामना, भारत विरुद्ध सिंगापूर. पाचच दिवसांपूर्वी सिंगापुरात झिंगन बाहेर गेल्यावर दहा जणांनिशी खेळून आपण शेवटी शेवटी 1-1 अशी बरोबरी केली होती. आता तर घरचं मैदान. शिवाय जागतिक क्रमवारीत सिंगापूर आपल्या वीसेक पायऱ्या खाली. म्हणजे जिंकणारच की!

14व्या मिनिटाला छांगटेने लांबून गोल मारला तेव्हा दादाने मला अक्षरशः उचललं. आमची मंडळी निपाणी-बेळगावच्या खड्या आवाजात मराठीतून ओरडत होती. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "घाटी आयल्यात मरे!" दादाला कळलं नाही. मला कळलं, पण मी ऐकलं नाही असं दाखवलं. (या वाक्याकडे पुन्हा येणार आहे.) 44व्या मिनिटाला साँग उइ-यंगने बरोबरी केली आणि 58व्या मिनिटाला त्यानेच दुसरा गोल केला. उरलेला अर्धा तास आपण चेंडू इकडून तिकडे फिरवत राहिलो. 2-1. 2019 आणि 2023 असे सलग दोन आशिया चषक खेळलेला आपला संघ 2027च्या शर्यतीतून तिथेच बाद झाला. मैदानातून बाहेर पडताना कोणी कोणाशी बोललं नाही.

गाडीत बसल्यावर मात्र तोंडं उघडली. "कोच हाकला आधी, त्येला काय कळतंय!" हे दादा. "फेडरेशन बरखास्त करा बे," हे टिळकवाडी. "म्हाताऱ्याला अजून किती दिवस खेळवणार?" हा छेत्रीला आहेर. मग पंच आले, मग आयएसएल आलं, मग क्रिकेट आणि त्याचा पैसा आला. दादाने 2015ची जखमही काढली. त्या वर्षी 20 डिसेंबरला याच मैदानावर आयएसएलच्या अंतिम सामन्यात एफसी गोवा 87व्या मिनिटाला 2-1 असा पुढे गेला होता आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांत चेन्नईयनने तो 3-2 असा हिरावून नेला. दादा तेव्हाही इथेच होता. "आमच्या नशिबात ह्येच हाय," असं तो म्हणाला, आणि खरं सांगतो, ते म्हणताना त्याच्या आवाजात समाधान होतं. डिचोली येईपर्यंत सगळ्यांचा मूड चक्क सुधारला होता! रात्री कुंदा खाल्लाच.

मला तिथेच पहिल्यांदा काहीतरी टोचलं. आपण हरल्यावर जितके जिवंत होतो, तितके एरवी का नसतो? कोणीतरी आपल्यावर अन्याय केला एवढं एकदा सापडलं की आपण निवांत होतो. पुढे आपण काही करायचं असतं, हा विषयच संपतो. कोच हाकला म्हणणं सोपं आहे. स्टिमॅकला जून 2024मध्ये हाकललं, मग मार्केझ आले आणि गेले, ऑगस्ट 2025मध्ये खालिद जमील आले. सव्वा वर्षात तीन प्रशिक्षक झाले की हो! आता चौथा आणून काय होणार?

आता सिंगापूरचं बघा. सिंगापूरचे नागरिक छत्तीस लाखांच्या आसपास. बाहेरून कामाला आलेले धरले तर साठेक लाख. 2011च्या जनगणनेत एकट्या बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या 47 लाखांच्या वर होती. म्हणजे आमच्या बेळगाव जिल्ह्यात जेवढी माणसं आहेत, तेवढेही नागरिक नसलेल्या देशाने आपल्याला घरात येऊन हरवलं. आणि गोल कोणी मारले? ज्याचा जन्म दक्षिण कोरियात झाला, जो विशी गाठायच्या आत सिंगापूरच्या क्लबात खेळायला आला, आणि 2021मध्ये ज्याला त्यांनी नागरिक करून घेतलं, त्याने! त्यांनी परका पोरगा आपला केला. आम्ही काय करतो ते आता सांगतो.

भाऊबिजेला आईला घेऊन निपाणीला गेलो. फराळ झाला, गप्पा पुन्हा सिंगापूरवर आल्या, पुन्हा कोच हाकलून झाला. पुतण्या गप्प बसून ऐकत होता. मी त्याला सहज विचारलं, "तुझं कसं काय चाललंय रे खेळाचं?" हा पोरगा डाव्या बगलेतून खेळतो. चांगला खेळतो असं मी नाही, ज्यांना कळतं ते म्हणतात. शनिवार-रविवार एस.टी.ने कोल्हापूरला जाऊन तिथल्या एका पेठेतल्या पोरांबरोबर सराव करतो. तो म्हणाला, "सोडलं काका. बारावी झाली की कागलला एमआयडीसीत लागतो."

का सोडलं ते त्याने अगदी शांतपणे सांगितलं. कोल्हापुरात त्याला म्हणाले, खेळ चांगला आहे, पण तुझी कागदपत्रं कर्नाटकाची. महाराष्ट्राच्या ज्युनिअर निवडीसाठी तुझं नाव आम्ही कसं पाठवणार? इकडच्या निवड चाचणीची बातमी त्याच्या कानावर आली तेव्हा चाचणी होऊन आठवडा झाला होता. 2025च्या फेब्रुवारीत सीमेवर भाषेवरून भांडण पेटलं, दोन्हीकडच्या एस.टी. बंद पडल्या, तेव्हा सरावही बुडाला. त्याला मुद्दाम कोणी वगळलं नाही. त्याचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं, इतकंच. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर. बंगळूर पाचशेच्या वर. राष्ट्रीय ज्युनिअर स्पर्धा राज्याराज्यांच्या संघांमध्ये होतात, आणि राज्याच्या संघात शिरायचं तर त्या राज्याच्या संघटनेच्या दारातूनच शिरावं लागतं. पोरगा राहतो एका दाराशी, खेळतो दुसऱ्या दाराशी, आणि दोन्ही दारं आपापल्या नियमाने बरोबर!

गंमत बघा. दूधगंगा ओलांडून कागलच्या कारखान्यात कामाला जाताना कोगनोळीच्या नाक्यावर त्याला कोणी विचारणार नाही की बाबा, तू कुठल्या राज्याचा. हातांना सीमा नाही. पायांना मात्र आहे.

मी दादाला विचारलं, "तू कोणाला भेटलास? कुठे अर्ज केलास?" दादा म्हणाला, "आपलं कोण ऐकतंय हितं? मराठी माणसाला विचारतंय कोण? आधी सीमाप्रश्न सुटू दे, मग बघू."

मित्रहो, मला भांडायचं आहे ते या वाक्याशी. सीमाभागातल्या माणसाचं दुःख मला पुस्तकातून कळलेलं नाही. 1956पासून आजोळच्या तीन पिढ्या त्यात गेल्या. 1 नोव्हेंबरला मामांच्या दंडावर काळी फीत मी लहानपणापासून पाहिली आहे. तो लढा खोटा आहे असं माझ्या तोंडात कोणी घालू नये. पण महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला 2004मध्ये, आणि हा पोरगा जन्मला 2008मध्ये. दाव्याला तारखेमागून तारीख मिळते; डाव्या बगलेतून पळणाऱ्या पायांना मिळत नाही. सतरा वर्षांचं पोर पाच वर्षांनी बावीस वर्षांचं होतं आणि निवडीतून कायमचं बाद होतं. मोठा प्रश्न सुटेपर्यंत सगळे छोटे प्रश्न बांधून ठेवायचे, ही आपल्याला लागलेली सवय आहे. ती सवय फार सोयीची आहे. तिच्यात आपल्याला कधी काही करावं लागत नाही.

आणि हे फक्त सीमाभागाचं नाही. कोल्हापूरकरांनो, तुमच्यासारखं फुटबॉलवेड उभ्या महाराष्ट्रात नाही. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावं घेतली की शाहू स्टेडियम डोळ्यापुढे येतं. तुमच्या अनिकेत जाधवने 2017चा सतरा वर्षांखालचा विश्वचषक खेळला. पेठेच्या संघात नायजेरियाचा खेळाडू तुम्हाला चालतो. मग चाळीस किलोमीटरवरच्या मराठी पोराचं नाव पुढे जाण्यासाठी काय करावं लागेल, हे विचारायला कोणाचं काय जात होतं?

आणि आम्ही गोंयकार! फुटबॉल म्हणजे आमचा, असा आमचा तोरा. डेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग यांनी 2016मध्ये आय-लीग सोडली तेव्हा आम्ही चहाच्या टेबलावर हळहळलो आणि घरी गेलो. राष्ट्रीय संघाला टाळ्या द्यायला दीडशे किलोमीटर घाट उतरून आलेल्या माणसाला मात्र आम्ही 'घाटी' म्हणतो. ते वाक्य ऐकून मी गप्प बसलो, याची मला कोच कोण असावा यापेक्षा जास्त लाज वाटते.

त्या सामन्यानंतर महिन्याभरात, नोव्हेंबर 2025मध्ये, बंगळूरकडून खेळणाऱ्या रायन विल्यम्सला भारताचं नागरिकत्व मिळालं. ऑस्ट्रेलियात जन्मलेला हा खेळाडू आपला पासपोर्ट सोडून भारताचा झाला. चांगलंच झालं, त्याचं स्वागत. पर्थचा खेळाडू आपल्याला दिसला, हा आनंदच आहे. निपाणीचा दिसत नाही, कारण तो दिसावा म्हणून कागद कोणी हलवला नाही. त्याच्यासाठी पासपोर्टही बदलायचा नव्हता!

कागद म्हटल्यावर मी माझ्यावर येतो. माझी बावीस वर्षांची नोकरी टिपण्या लिहिण्यात गेली. कोणत्या अर्जाला कोणती भाषा लागते, पोच कशी घ्यायची, स्मरणपत्र कधी पाठवायचं, हे मला झोपेत येतं. आवक क्रमांक पडल्याशिवाय अर्ज जन्मालाच येत नाही, हे मी रोज लोकांना खिडकीतून सांगतो. आणि घरातल्या पोरासाठी मी एक अर्ज लिहिला नव्हता. दादाला बोलायचा मला काय अधिकार? मीही गाडीत बसून कोच हाकलतच होतो की!

म्हणून त्या रात्री निपाणीत, मामींच्या देवघराशेजारच्या टेबलावर बसून, मी आणि पुतण्याने दोन पानी अर्ज लिहिला. मागण्या दोनच. एक, सीमेलगतच्या तालुक्यांतल्या मुलांना निवड चाचणीची सूचना त्यांच्या शाळेत, त्यांना वाचता येईल त्या भाषेत, किमान पंधरा दिवस आधी मिळावी. दोन, जवळच्या परराज्यातल्या मैदानावर सराव करणाऱ्या मुलाचा खेळ तिथे येऊन बघण्याची सोय व्हावी, किंवा तिन्ही राज्यांच्या संघटनांनी वर्षातून एकदा निपाणी, बेळगाव, खानापूर, चंदगड, कोल्हापूर, डिचोली, सत्तरी इथल्या मुलांची एकत्र स्पर्धा घेऊन तिथे निवडकर्ते बसवावेत. याने ना महाराष्ट्राचा दावा कमकुवत होतो, ना कर्नाटकाची एक इंच जमीन जाते. एक चेंडू आणि सात तालुके, एवढाच खर्च.

अर्जाच्या तीन प्रती तीन राज्यांच्या संघटनांना गेल्या. पुतण्याने सही केली तेव्हा दादा म्हणाला, "उत्तर येणार नाही बघ." मी म्हणालो, "नाही आलं तर तिसाव्या दिवशी स्मरणपत्र जाईल. त्यात मी हार मानत नाही." पोरगा हसला. शनिवारी पुन्हा कोल्हापूरची एस.टी. धरली म्हणून त्याचा फोन आला होता. कागलचं अजून ठरलेलं नाही.

तर वाचकहो, पुढचा सामना हराल तेव्हा खुशाल ओरडा, प्रशिक्षकाची पिढी उद्धारा, तुमचा हक्क आहे. फक्त घरी पोचल्यावर आपल्या गावातल्या एका पोराचं नाव आठवा आणि त्याच्यासाठी एक कागद लिहा. अर्जाचा मसुदा लागला तर मागा, मी लिहून देतो. तेवढं एक काम मला नक्की येतं.